झाकण घट्ट बसलंय

सासूबाईंच्या दाढेवरची कॅप दुसऱ्यांदा निघाली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या घरात तह झाला. पहिली कॅप सूप पिताना निघाली होती. दुसरीने तर काही खायचीही वाट पाहिली नाही, ती नुसत्या बोलण्याने निघाली. अर्थात सासूबाईंचं बोलणं हे तसं चावण्याच्याच जातीचं होतं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून, पेपर तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता कायमच्या लेकीकडे राहायला येणार होत्या.

घरात रिकाम्या म्हणाव्यात अशा दोन खोल्या. एक मोठी, भरपूर उजेडाची. दुसरी बाल्कनीकडची, कपाटाला खिडकी काढावी एवढी. मोठीत डॉक्टरांची हेलिकॉप्टरं राहत होती.

"या खेपेला कॅप टिकली," सासूबाई म्हणाल्या, "तर मी त्या लहान खोलीत राहीन. नाही टिकली, तर रविवारी माझा पलंग मोठ्या खोलीत आणि तुमची खेळणी माळ्यावर."

"खेळणी नाहीत हो आई. प्रतिकृती आहेत त्या."

"बरं. प्रतिकृती माळ्यावर."

पंधरा वर्षांचा छंद त्या खोलीत होता. बाजारात मिळणाऱ्या किटमधून वीतभर लांबीचं हेलिकॉप्टर जुळवायचं, आणि किटमधले ढोबळ भाग काढून टाकून त्या जागी रेझीन या ओतीव प्लास्टिकचे, वेगळे विकत मिळणारे, बारीक कामाचे भाग बसवायचे. लहान लहान कंपन्या असे भाग ओततात आणि ते कसे आहेत हे जाणकारांना विचारतात. डॉक्टर असे जाणकार होते. छंदवाल्यांच्या मासिकात त्यांचं परीक्षण यायचं, आणि त्यांनी एकदा नाक मुरडलं की तो भाग दुकानात पडून राहायचा. पेशंट त्यांचं ऐकत नसत, बायको ऐकत नसे, पण रेझीन ओतणारे थरथर कापत.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात दोन पुड्या एकदमच आल्या. एकीत लॅबने पाठवलेली सासूबाईंची कॅप. दुसरीत परीक्षणासाठी आलेलं, हेलिकॉप्टरच्या इंजिनाच्या तोंडावर बसवायचं धूळ गाळणारं झाकण. दोन्ही फिक्या पिवळसर रंगाची, दोन्ही आतून पोकळ, दोन्ही नखाएवढी. सासूबाई यायला अवकाश होता. डॉक्टरांनी डोक्याला भिंग चढवलं, दोन्ही वस्तू एकाच ट्रेमध्ये ठेवल्या आणि झाकण जरा बघूनच घेऊ म्हणून पुढे वाकले.

तेवढ्यात बाहेर बायकोच्या चपला वाजल्या. दवाखान्याचा कारभार तिच्याकडे होता, आणि दवाखान्यात हेलिकॉप्टरचा स्क्रूसुद्धा दिसता कामा नये असा तिचा हुकूम होता. डॉक्टरांनी भिंग ड्रॉवरमध्ये फेकलं, ट्रेमधली एक वस्तू कोटाच्या खिशात कोंबली आणि चेहरा निष्पाप केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण चांदण्यात दोन पिवळसर वस्तूंमधला फरक दिसत नाही, हेही खरं.

"आई आलीये," बायको म्हणाली. "नीट कर हं या वेळी."

सासूबाई खुर्चीवर आडव्या झाल्या. तोंडात उपकरणं असूनही त्या बोलत होत्या. डॉक्टरांनी ट्रेमधली वस्तू उचलली. वरचा भाग जाळीसारखा खडबडीत वाटला. लॅबवाला हल्ली दाढेचे उंचवटे फार मनापासून काढायला लागलाय, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं. आतून थोडं घासलं, दवाखान्यातलं सगळ्यात चिवट सिमेंट लावलं आणि दाबलं.

"चावा बघू."

सासूबाईंनी चावलं. कट् आवाज आला. त्यांनी पुन्हा चावलं. मग जबडा डावीकडे, उजवीकडे फिरवला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच तुम्ही काहीतरी धड बसवलंत."

लग्नाला वीस वर्षं झाली होती. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी ते शीळ घालत आपल्या खोलीत शिरले. खिशातली वस्तू काढली, चिमट्यात धरून झटपट गोंदाने हेलिकॉप्टरच्या इंजिनाला चिकटवली आणि तिच्यावर करडा रंग फवारला. असा हात दिला की ओतकामातले दोष उघडे पडतात. रंग वाळला, डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे काय ओतलंय? कडेला रिवेटच्या दाण्यांची रांग नाही, वर जाळी नाही, नुसते गुळगुळीत चार डोंगर! रेझीन ओतणाऱ्यांची आज खैर नव्हती. डॉक्टरांनी कागद ओढला आणि झरझर लिहिलं:

"सफाई उत्तम, पण मूळ हेलिकॉप्टरशी आकाराचा काडीचाही संबंध नाही. कारागिराने साचा करताना समोर इंजिनाऐवजी स्वतःच्या आजीची दाढ ठेवली असावी."

वाक्य त्यांना फारच आवडलं. म्हणून त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. मग हळूच मान वळवून इंजिनाकडे पाहिलं.

वीस वर्षं ज्याने दाढा पाहिल्या, त्याला दाढ ओळखायला एवढा वेळ लागावा! हॉलमधून कडाड कडाड आवाज येत होता. सासूबाई बदाम फोडत होत्या. त्याच दाढेने.

डॉक्टर धावत बाहेर आले. "आई, थांबा! जरा तोंड उघडा. थोडं... थोडं पॉलिश राहिलंय."

"हात लावायचा नाही!" सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "दोन कॅप तुम्ही पॉलिश करून करूनच घालवल्यात. ही पहाडासारखी बसलीये." आणि पुरावा म्हणून आणखी एक बदाम फोडला.

डॉक्टरांपुढे धर्मसंकट उभं राहिलं. खरं सांगावं तर खोली गेली. न सांगावं तर सासूबाईंच्या तोंडात हेलिकॉप्टरचं झाकण, आणि ते काही तोंडात ठेवायच्या कामाचं नव्हे. सांगायलाच हवं होतं. "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"मलाही सांगायचंय," सासूबाई म्हणाल्या. "जिभेला काहीतरी लागतंय. कडेने बारीक दाण्यांची रांग आहे."

"रिवेट," डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"काय असेल ते. पण काम नीट नाही. गालाकडचे दाणे एकसारखे आहेत. जिभेकडचे दोन एकमेकांना चिकटलेत."

डॉक्टर सावरून बसले. "चिकटलेत? नक्की?"

"मी जन्मभर पेपर तपासलेत, जावईबापू. आणि वर जाळी आहे ना, तिचं मागचं एक भोक बुजलंय."

आता खरं म्हणजे त्यांनी सांगून मोकळं व्हायचं. पण जातिवंत परीक्षकाला इतकी माहिती आयती मिळाल्यावर राहवतं का? डॉक्टरांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला सुरुवात केली. "कड कशी आहे? धारदार की गोलसर?"

"पुढून धारदार. मागे बोथट."

"आणि जाळी, सगळीकडे सारख्या खोलीची?"

"थांबा," म्हणून सासूबाईंनी डोळे मिटले आणि जीभ फिरवली.

हे दृश्य बायको दारातून पाहत होती. नवरा पेशंटचं एवढं लक्ष देऊन ऐकतोय, म्हणजे दाल में कुछ काला नव्हे, अख्खी डाळच काळी, हे तिने ओळखलं. ती सरळ मोठ्या खोलीत गेली आणि पुढच्याच क्षणी तिची किंकाळी आली.

"अरे, आईची दाढ हेलिकॉप्टरवर काय करतेय?"

मग जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी सगळं कबूल केलं, वर "पण टिकली की नाही?" एवढंही विचारून पाहिलं. त्यावर बायकोने जे उत्तर दिलं ते छापता येत नाही. तिघं दवाखान्यात गेले. आयुष्यात प्रथमच डॉक्टरांनी काहीतरी घट्ट बसवलं होतं आणि तेच त्यांना काढायचं होतं. झाकण निघालं तेव्हा डॉक्टर आणि सासूबाई सारखेच दमले होते.

सासूबाईंनी ते झाकण धुऊन मागितलं. डॉक्टरांचं भिंग डोक्याला चढवलं आणि दिव्याखाली धरून पाहिलं. दोन रिवेट चिकटलेले होते. मागचं भोक बुजलेलं होतं.

"बघा!" त्या अशा ओरडल्या की खाली रस्त्यावरचा माणूस थांबला. "दहापैकी सहा! तेही एक मार्क जास्तच देऊन!"

डॉक्टर खाली मान घालून उभे होते. "मी उद्याच सगळं माळ्यावर टाकतो, आई."

"खबरदार हात लावाल तर!" सासूबाईंनी भिंग काढलंच नाही. "मोठी खोली माझी, ते ठरल्याप्रमाणे. पण त्यातलं काहीही हलवायचं नाही. पलंग खिडकीपाशी, टेबल आहे तिथेच. तुम्ही बाल्कनीकडे बसा आणि कॅप नीट बसवायचा अभ्यास करा."

परीक्षणं आता पूर्वीपेक्षा कडक येतात, आणि रेझीन ओतणारे पूर्वीपेक्षा जास्त कापतात. पार्सल आलं की डॉक्टर ते घेऊन मोठ्या खोलीच्या दारावर टकटक करतात.

"ठेवा तिथे," आतून आवाज येतो. "आणि हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही."