रणनीतीकार जावई

मी त्या व्याख्यानाला गेलो ही पहिली चूक. शहाद्याला ‘एआयच्या युगातले करिअर’ असा काहीतरी विषय होता. घरी लाईट गेलेली, तिथल्या हॉलला एसी, म्हणून गेलो. (ज्ञानाकडे माणूस अशाच वाटांनी जातो.)

व्याख्याता म्हणाला, टायपिंग, हिशेब आणि फायली सांभाळणारे आधी जाणार. टिकतील फक्त कल्पक लोक आणि रणनीती आखणारे, कारण माणसाचं मन यंत्राला कळत नाही. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. वरची तिन्ही कामं मी करतो, आणि तिन्ही चुकवतो. घरी पोचेपर्यंत मी रणनीतीकार व्हायचं ठरवलं होतं.

बायकोला, रुपाला, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “रणनीती नंतर आखा. पहिले दूधकडे ध्यान द्या.”

दूध उतू गेलं. मी लांबचा विचार करत होतो.

संधी लगेच आली. माझ्या सासुरवाडीला, प्रकाशा गावी, रुपाच्या भावाचं, ललितचं लग्न होतं. वरातीच्या सकाळी कळलं की फेटे कमी पडतायत. सासूबाई, निर्मलाबाई, काळजीत पडल्या. मी म्हणालो, “माझ्यावर सोडा.” वरातीचे फोटो समोरून निघणार होते. ज्यांची डोकी फोटोत येतील त्यांना फेटे, बाकीच्यांना टोप्या, अशी मी योजना केली. सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ पितांबरआबा उंचीने बेताचे. ते मागे झाकले जाणार हे उघड होतं. मी त्यांना टोपी दिली. वर कारणही समजावून सांगितलं. (रणनीतीत पारदर्शकता हवी, असं व्याख्यात्याने सांगितलं होतं.)

आबा अंगणातल्या निंबाखाली खुर्ची टाकून बसले.

“मी बुटका शे, म्हनीसन माले डोकं नही का?” ते निंबाला म्हणाले.

घराण्यात सगळ्यात थोरले आबा. त्यांच्याशिवाय वरात काढायची कुणाची हिंमत नव्हती. नवरदेव घोडीवर, बँडवाले एकच गाणं चौथ्यांदा वाजवतायत, मुहूर्त जवळ येतोय. निर्मलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “नवनीतराव, आबा उठ्याबिगर घोडी हालनार नही,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी समजूत घालायला गेलो. आबांच्या उंचीत काही कमीपणा नाही, असं तीन प्रकारे सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांनी खुर्ची थोडी आणखी फिरवली. शेवटी त्यांची पाठ पूर्ण माझ्याकडे झाली.

तेव्हा मी निंबाच्या मागे जाऊन गुपचूप मोबाईल काढला. (ज्या यंत्राला मन कळत नाही त्यालाच विचारणं बरोबर नव्हतं, पण घोडी लीद टाकायला लागली होती.) हळू आवाजात म्हणालो, “आबा रुसनात, काय करू?”

मोबाईलने ‘रूस’ ऐकलं आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “रशियात कडाक्याची थंडी असते. वृद्ध व्यक्तींना लोकरीची टोपी घालावी.”

आबा सावकाश वळले.

“वृद्ध कोन?” ते म्हणाले. “आनि आखो टोपीच?”

आता ते प्रकाशा गावच सोडून निघाले. पिशवी मागवली. बँड थांबला.

रुपाने हे सगळं दारातून पाहिलं. ती माझ्याकडे आली नाही. सरळ घोडीजवळ गेली, भावाला खाली वाकवून त्याच्या कानात काही बोलल्यासारखं केलं आणि त्याच्या फेट्याचं टोक ओढलं. फेटा ललितच्या खांद्यावर उतरला. मग ती घाबऱ्या चेहऱ्याने आबांकडे धावली.

“आबा, नवरदेवना फेटा सुटी गया. तुम्हनाबिगर कोनले बांधता येस?”

आबांनी पिशवी खाली ठेवली. “आजकालना पोरेस्ले काय येस,” म्हणत ते उठले, आणि घोडीशेजारी स्टुलावर उभं राहून त्यांनी असा फेटा बांधला की बँडवाल्यांनीही बघितलं. ते खाली उतरताच रुपाने माझ्या डोक्यावरचा फेटा काढून आबांच्या डोक्यावर ठेवला.

“तुम्हले काय,” ती मला म्हणाली, “तुम्ही घरना शेतस.”

कल्पकताही तिची, रणनीतीही तिची. यंत्राला माणसाचं मन कळत नाही, हे व्याख्यात्याचं खरं होतं. ते मला कळतं, असं मात्र तो कुठेच म्हणाला नव्हता.

वरात निघाली. मला अपमान सहन झाला नाही. मी आबांच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि रुसलो. बँडचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला, विरला. अक्षता पडल्याचा गलका ऐकू आला. जेवणाचा वास यायला लागला.

अखेर मागे पावलं वाजली. पहिल्या हाकेला उठायचं नसतं, एवढा रिवाज मला माहीत आहे. मी मान न वळवता म्हणालो, “मी येनार नही.”

“तुम्ही नका येवू,” मंडपवाला म्हणाला. “खुर्ची द्या. जेवनना मंडपमा कमी पडी ऱ्हायन्यात.”