टपालाची मोटारसायकल आणि तीन जाणकार

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता, एक तरस होता, एक कासव होतं आणि एक मोटारसायकल होती. पहिल्या तिघांचं तुम्हाला नवल वाटणार नाही. चौथीचंही वाटू देऊ नका. जंगल सुधारलं की तिथे आधी कचेरी येते. मग कचेरीला वाहन मिळतं. मग ते वाहन बंद पडतं आणि सुधारणा पुरी होते.

ही मोटारसायकल टपालखात्याची होती. तिचं वय कोणाला ठाऊक नव्हतं. तिच्यावरून भिकोबा सायाळ घाटापलीकडच्या वस्तीचं टपाल नेत असे. सायाळ म्हणजे ते अंगभर लांब काटे असलेलं जनावर. त्याच्यामागे बसायची कोणाची छाती झाली नाही, त्यामुळे गाडीची मागची सीट अजून नवीकोरी होती.

भिकोबाचा त्या घाटरस्त्यावर जीव होता. कचेरीत त्याला कोणी 'बसा' म्हणत नसे. घाटापलीकडे मात्र गाडीची फटफट ऐकू आली की ससे बिळांतून माना काढत आणि "भिकोबा आले, भिकोबा आले" म्हणून एकमेकांना ढोसत. एवढ्यासाठी तो जन्मभर ती गाडी हाकायला तयार होता.

दसरा आला. राजे वाघोजीराव दरसाल आपल्या हाताने वाहनाची पूजा करत. यंदा त्यांना भक्तीचा उमाळा जरा जास्तच आला. तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी पंजाभर घेतलं आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मधोमध थापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी हुकूम निघाला, की राजांच्या हातचं कुंकू कोणी पुसू नये.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आजारी पडली. कोसभर नीट चालायची, मग खोकायची आणि बंद व्हायची. गिअरचं दुखणं जुनंच होतं, तेही याच सुमारास बळावलं. क्लच दाबला तरी गाडी पुढे सरकायची. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना खाडकन आवाज यायचा. न्यूट्रल तर शोधूनही सापडायचा नाही.

भिकोबा स्वतः काही बघू शकत नव्हता. खात्याचा नियमच होता : 'चालकाने वाहन चालवावे. वाहनाविषयी मत बाळगू नये.'

राजांनी फर्मावलं, "येत्या गुरुवारी चाचणी. भिकोबाने घाट ओलांडून पलीकडच्या वस्तीचा शिक्का आणावा. आणला तर ठीक. नाहीतर गाडी मोडीत, पलीकडचं टपाल बंद आणि भिकोबा शिक्के मारायला टेबलाशी. तोवर जाणकारांनी गाडी बघावी."

जंगलात जाणकार तीन होते. त्यांतल्या एकानेही मोटारसायकल चालवली नव्हती. चालवली असती तर ते चालक झाले असते आणि मग त्यांना मत राहिलं नसतं.

सोमवारी आले चिंतोपंत वानर. मोटारसायकलींविषयीची जगातली यच्चयावत चित्रं त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. भिकोबाने कोसभर गाडी नेली. ती बंद पडली.

"पेट्रोल आहे ना?" पंतांनी झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. "आहे. मग कार्बोरेटर! मी पाहताक्षणीच म्हणालो होतो."

"आपण काही म्हणाला नव्हता, पंत."

"मनात म्हणालो होतो." पंतांनी कार्बोरेटर काढून त्यात जोराने फुंकर मारली. भिकोबाने किक मारली. गाडी लागली!

"आणि गिअर?"

"तो मनाचा खेळ आहे. त्याच्याकडे लक्ष देऊ नका." पंत झाडावर चढून गेले. गाडी कोसभर चालली आणि बंद पडली.

मंगळवारी आले तरस गबाजीशेठ. मेलेल्या गाड्यांचे अवयव विकायचा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ओठ चाटले.

"इंजिन उघडावं लागेल, भिकोबा."

"उघडल्यावर परत मिटेल ना, शेठ?"

"ते उघडल्यावर बघू." शेठनी आधी झाकण काढून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, जुना प्लग काढून दुसरा जुना प्लग घातला. किक मारताच गाडी लागली. "बघ! गिअरसाठी मात्र अख्खा गिअरबॉक्स काढू. माझ्याकडे एक आहे. फार चालला नाही बिचारा."

भिकोबाने हात जोडले. गाडी कोसभर चालली आणि बंद पडली.

बुधवारी कासव रावसाहेबांना पालखीतून आणलं. ते वाहनखात्याचे निवृत्त प्रमुख. त्यांच्या कारकिर्दीत एकही वाहन बिघडलं नव्हतं, कारण एकही वाहन नव्हतं.

"पेट्रोल पाहिलंस का रे?"

"पाहिलं, रावसाहेब."

"माझ्यासमोर पाहा." भिकोबाने झाकण उघडून दाखवलं, लावलं. "हं. दोष गाडीत नाही, चालकात आहे. तुला घाई फार. दुसरा गिअर हवाच कशाला? आमची सगळी नोकरी पहिल्यात झाली. मार किक, पण नम्रपणे मार."

भिकोबाने नम्रपणे किक मारली. गाडी लागली. रावसाहेबांनी मान आत ओढून घेतली. जाणकाराने आणखी काय करावं? गाडी, बाळांनो, कोसभरच चालली.

गुरुवार उजाडला. वडाखाली राजे बसले. बाजूला तिघे जाणकार बसले. पिंगळा कारकून दौत-टाक घेऊन फांदीवर बसला. गिअर खडखडवत भिकोबा निघाला आणि घाटाचं पहिलं वळण ओलांडताच त्याची गाडी बंद पडली.

खाली दरी होती. वर चार कोस चढ होता. आज उपाय सांगायला कोणी नव्हतं. भिकोबाने कपाळावर हात मारला आणि सवयीने झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. झाकण उघडताना सूं करून आवाज झाला, जसा कोणीतरी मोठा श्वास घ्यावा. पेट्रोल होतं. त्याने झाकण लावलं, किक मारली. गाडी लागली!

कोसभर गेल्यावर ती पुन्हा बंद पडली. पुन्हा झाकण, पुन्हा सूं, पुन्हा किक. लागली!

तेव्हा भिकोबाने एक बेकायदा गोष्ट केली. तो विचार करू लागला.

'पंतांनी फुंकर मारली, गाडी लागली. शेठनी प्लग बदलला, गाडी लागली. रावसाहेबांनी मला बोलून घेतलं, तरी लागली. आज मी काहीच केलं नाही. फक्त झाकण उघडलं. पण झाकण तर त्या तिघांच्याही वेळी उघडलं होतं!'

त्याने गाडी थांबवली आणि झाकण निरखलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जसं खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत शिरते. हवा शिरेना तर पेट्रोल उतरेना आणि इंजिन उपाशी मरतं. त्या भोकावर राजांचं कुंकू वाळून दगड झालं होतं.

भिकोबाने इकडेतिकडे पाहिलं. मग पाठीवरचा एक बारीक काटा उपसला आणि भोकातून आरपार घातला. वरचं कुंकू तसंच राहिलं. मधे फक्त एक टिंब पडलं.

एकदा हात लागला की राहवत नाही. त्याने क्लचची मूठ दाबून पाहिली. ती अर्धी नुसतीच आत जात होती. तार सैल पडली होती. क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणून गिअर दातओठ खात होते. तार ताणायचा नट त्याने दातांनीच दोन वेढे फिरवला. आता गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. न्यूट्रल तर आपणहून समोर येऊन उभा राहिला.

भिकोबा गात गात घाट चढला. पलीकडे सशांनी शिक्का दिला आणि तो दुपारच्या आत वडाखाली परतला. गाडी शांतपणे फटफटत उभी राहिली.

"फुंकर!" चिंतोपंत ओरडले.

"प्लग," गबाजीशेठ म्हणाले.

"नम्रपणा," कवचाच्या आतून आवाज आला.

राजांनी हात वर केला. "भिकोबा, तू चालक. तुला मत नाही, पण डोळे आहेत. बिघाड कशाचा होता?"

पिंगळ्याने टाक बुडवून तयार ठेवला. भिकोबाच्या तोंडात खरी गोष्ट अगदी ओठांपर्यंत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी ठाऊक होतं, जे बाकी कोणाला नव्हतं.

"महाराज, ते झाकणावरचं कुंकू..."

वडाखाली पान हलेना. पिंगळ्याचा टाक हवेतच थांबला. तिघा जाणकारांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि तिघेही राजांपासून चार हात दूर सरकले.

"माझं कुंकू?" वाघोजीरावांनी विचारलं. "काय झालं माझ्या कुंकवाला?"

भिकोबाने गाडीकडे पाहिलं. तिचं इंजिन अजून गरम होतं. खरं सांगितलं तर ती उद्या गबाजीशेठच्या दुकानात टांगलेली असेल, हे त्याला स्पष्ट दिसलं. स्वतः तो कुठे टांगलेला असेल, तेही अंधुक दिसलं.

"त्याच्यामुळेच, महाराज," तो म्हणाला, "त्याच्यामुळेच गाडी इतके दिवस तगली. नाहीतर दसऱ्यालाच खलास होती. बाकी फुंकर, प्लग आणि नम्रपणा यांनी आपापलं काम केलंच."

राजांच्या मिशा पसरल्या. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "वर्षातून एकदा कुंकू म्हणजे फारच कमी झालं. लिही रे, पिंगळ्या. यापुढे दर सोमवारी आम्ही स्वतः लावू. सढळ हाताने."

पिंगळ्याने लिहून घेतलं. गाडी राहिली. घाटापलीकडचं टपालही राहिलं.

आता दर सोमवारी सकाळी टपालाची गाडी टाळ्यांच्या गजरात निघते. वडाखालून दिसेनाशी झाली की घाटाच्या पहिल्या वळणापलीकडे घटकाभर थांबते. भिकोबा खाली उतरतो आणि टाकीवर वाकतो. येणारेजाणारे म्हणतात, "काय भाविक जनावर आहे!" त्याच्या पाठीवरचे काटे थोडे विरळ झाले आहेत. पण ते वयामुळे, असं वैद्यांनी लेखी दिलं आहे.

तात्पर्य : बाळांनो, गाडी का बिघडली हे शोधण्याआधी ती कोणाच्या हातून बिघडली हे पाहावं. हात मोठा असेल तर त्याचे आभार मानावेत आणि दुरुस्ती वळणापलीकडे करावी.