ग्रेडरकाकांचा ओटा

आमचे शेजारी गुलाबराव भोयर यांच्या हातात तुम्ही काहीही द्या, ते आधी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून बघणार. भाकरी दिली तर भाकरी, टॉवेल दिला तर टॉवेल. मी थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर त्यांनी तिचा कोपरा चिमटीत धरला, उजेडाकडे करून एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "फेअर."

मी आपला खूश. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांच्या बाजारात फेअर म्हणजे 'घेतो बापा, पण काही खरं नाही'." तिचं माहेर कापसाचं, त्यामुळे तिला हे शास्त्र पाठ होतं.

गुलाबरावांची सारी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली. कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि ग्रेडर एकेका गाडीवर चढायचे. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस उपसायचे, धागा ओढून बघायचे आणि एकच शब्द बोलून खाली उतरायचे. सुपर, फेअर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, किडका, अर्धवट उललेला माल. त्या एका शब्दावर घराघरातली दिवाळी ठरायची. गुलाबरावांच्या तोंडून 'सुपर' ऐकलेला माणूस अख्ख्या महागाव तालुक्यात सापडणार नाही, असं लोक सांगायचे.

माणूस रिटायर झाला, पण जीभ काही रिटायर झाली नाही. कॉलनीत नवा जावई आला की कवडी. भंडाऱ्यातली बुंदी फेअर. पुढाऱ्याचं भाषण ऐकलं की म्हणायचे, "पाणी मारलेलं हाय." वजन वाढावं म्हणून कुणी कुणी कापसावर पाणी शिंपडतात, तसं. मी शिकवतो त्या शाळेचा निकाल पेपरात आला, तेव्हाही त्यांनी कुंपणावरून मला हेच ऐकवलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच चहाला आले आणि वर आमच्या दुधाला कवडी म्हणाले.

ही गोष्ट कापसाच्या वाईट दिवसांतली. भाव पडलेले, केंद्र कधी उघडेल त्याचा नेम नाही, पोळ्याला बैलांच्या शिंगांना मागच्या वर्षीचाच बेगड. अशा दिवसांत गावात कुणी वीटसुद्धा हलवत नव्हतं. पण गुलाबरावांनी घराची दुरुस्ती काढली.

कारण घरात होतं. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, लकवा मारून गेला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. काकू म्हणजे आमच्या कॉलनीचा रेडिओ. दिवसभर दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या. आता त्यांची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावली होती आणि त्या नुसत्या बघत पडून असायच्या. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा, मन प्रसन्न ठेवा, वाचा येईलही. मुलं पुण्याला. बोलतं ठेवायचं कुणी? गुलाबराव तर जन्मभर एका वेळी एकच शब्द बोललेले.

म्हणून त्यांनी गणू राठोडला बोलावलं. गणू जवळच्या बंजारा तांड्यावरचा, मिस्त्रीचा ठेकेदार झालेला. गडी कामाचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. तीन कामं ठरली: छपराचे कवेलू फेरायचे, न्हाणीत फरशी बसवायची आणि खिडकीखाली बाहेरून ओटा बांधायचा. ओट्यावर शेजारच्या बायका येऊन बसतील आणि काकूंना खिडकीतून सोबत होईल, असा त्यात गुलाबरावांचा हिशोब. पैसे त्यांनी आधीच देऊन टाकले होते, तेव्हा वाद झाला तो पैशाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

कवेलू झाले, फरशी झाली, ओट्याच्या विटाही गुडघ्यापर्यंत आल्या. आणि नेमकी वेचणी निघाली. आमच्याकडे कापूस उलला की गावात मजूर औषधालाही मिळत नाही. गणूच्या कामावरच्या बाया शेतात गेल्या. गणूचंही तांड्याजवळ वावर होतं, तोही गेला. वेचणी आटोपून तो परत आला, तेव्हा गुलाबराव अर्धवट ओट्याशी उभेच होते.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत रोज दुपारच्या चहाला भांडण सुरू झालं. गणूची फटफटी आली की लोक आपापल्या दारात येऊन उभे राहत. विटांच्या एका अंगाला गुलाबराव, दुसऱ्या अंगाला गणू.

"राठोड, हा ओटा हाय का दात पडलेलं तोंड?"

"काका, तुमची जागाच वाकडी हाय, त्याले मी काय करू?"

"जागा वाकडी? तुही नजर वाकडी! ही रेती पाह्य, कवडी! या विटा पाह्य, कवडी!"

"अन् तुमी माह्या बापाची अख्खी गाडी कवडीत टाकली होती, ते? पांढराफेक कापूस होता!"

"पाणी मारलं होतं तुह्या बापानं!"

"घाम होता तो, काका!"

मग गणू किक मारून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ओट्यावर मात्र एक वीट चढत नव्हती. रेतीच्या ढिगावर गल्लीतलं मांजर बाळंत झालं. विटांवर आमच्या सौभाग्यवतीनं मिरच्या वाळत घातल्या. मी रोज शाळेतून डोकं पिकवून यायचो आणि घरी बघतो तर हा तमाशा. भांडणं मिटवायची माझी सवय जुनी. वर्गात पेन्सिलीवरून चाललेली युद्धं मी चुटकीसरशी थांबवतो. मग दोन मोठ्या माणसांचं मिटवायला कितीसा वेळ लागणार?

एका रविवारी मी दोघांना समोरासमोर बसवलं. आमच्या अंगणात सतरंजी घातली, चहा मागवला. "हे बघा," मी म्हणालो, "ओटा ठरला होता की नाही?"

"ठरला होता," दोघे एका आवाजात म्हणाले.

"मग गणू, उद्यापासून काम सुरू कर."

"करतो नं सर, उद्याच करतो," गणू म्हणाला.

मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात गुलाबराव उसळले. "उद्या कायले? उद्या आवस हाय! आवसेले हात लावायचा नाही!"

"बरं, परवा."

"परवा मले तांड्यावर जा लागते," गणू म्हणाला.

मी मनात दहा आकडे मोजले. "असं करू. ओटा राहू द्या. विटा उचलून जागा मोकळी करू. चालेल, काका?"

"चालते," गुलाबराव म्हणाले.

"कसं काय चालते?" आता गणू उसळला. "अर्ध काम सोडून गेलो म्हणून माह्यं नाव खराब होईन! विटेले हात नाही लावू देणार!"

मी कपाळाला हात लावला. एक पुढे आला की दुसरा मागे, दुसरा पुढे की पहिला मागे. आमच्या शाळेतली पोरं यांच्यापेक्षा शहाणी. शेवटी मी चिडून ओरडलो, "तुम्हाला हे मिटवायचं आहे की नाही?"

गुलाबराव माझ्या सतरंजीचा काठ चिमटीत धरून ओढत बसले. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून एक आवाज आला. घोगरा, अडखळत येणारा, पण हसण्याचा. सुमनकाकू हसत होत्या.

गणू माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी मोठे आहा, पण एक सांगतो. कायले मिटवून राह्यले? याडी हासते नं." याडी म्हणजे आई, त्यांच्या बोलीत. "पह्यल्या दिवशी आमी खरंच भांडलो. लय संतापलो होतो मी. म्या काकाले म्हनलं, तुमचं तोंडच कवडी! अन् आतून हासू आलं. लकव्यानंतर पह्यलं. काका तर खालीच बसले विटांवर. मंग दुसऱ्या दिवशी मी आपलाच आलो."

"आणि ओटा?"

"ओटा झाला तर भांडू कायच्यावरून?"

मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाया आल्या होत्या तिच्यापाशी. चुकचुक करते अन् जाते. तिच्या डोयाले पानी येते. याच्यानं हासते." एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. मी चहा पिऊन टाकला आणि समेट मोडल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर मीही दुपारी दारात उभा राहू लागलो. गणूनं नवनवे मुद्दे काढावेत, गुलाबरावांनी ते कवडीत काढावेत. एकदा तर गणूनं मांजराला पंच नेमलं. काकूंचं हसू दिवसेंदिवस मोकळं होत गेलं. शब्द मात्र फुटत नव्हता.

मग गणूच्या बहिणीचं लग्न निघालं. तांड्यावरचं लग्न म्हणजे घरचा माणूस आठवडाभर तरी हलत नाही. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. दुपारी फटफटी आली नाही की गल्लीलाही चुकल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमची कडी वाजली. दारात गुलाबराव. आमच्या पडद्याचं टोक चिमटीत धरून उभे.

"सर, एक काम होतं."

"बोला ना, काका."

"तिनं काल जेवन केलं नाही." पडदा ताणला, सोडला. "जराकसं भांडता का माह्यासंग?"

आता नाही कसं म्हणणार? मी चप्पल घातली. विटांच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला मी. गल्ली जमली. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "गुलाबराव, आपलं हे वागणं अत्यंत खेदजनक आहे!"

खिडकीत शांतता. गुलाबराव दात न उघडता पुटपुटले, "जोर लावा नं, सर. धागाच तुटून राह्यला."

"आपण... आपण सार्वजनिक ठिकाणी रेती पसरवली आहे! हे नागरिकशास्त्राच्या विरुद्ध आहे!"

"रेती माही हाय!"

"आपली असली तरी मांजर सर्वांचं आहे!"

हे मी काय बोललो ते मलाही कळलं नाही. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून वळल्या. माझी बायको मिरच्या गोळा करायच्या निमित्तानं खाली बसली ती उठेचना. पण खिडकीतून काही नाही. गुलाबरावांचा चेहरा पडला. मला घाम फुटला. बत्तीस वर्षं पोरांवर ओरडण्यात घालवली आणि आज एक धड भांडण जमत नव्हतं. मी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीच्या गजांमागून आवाज आला. जड, वाकडा, एकेक अक्षर ओढून काढलेला.

"क... कव... डी."

काकू डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवत होत्या आणि हसत होत्या. निकाल स्पष्ट होता.

गुलाबराव पुढे झाले. त्या अर्धवट ओट्यावर पाय देऊन ते खिडकीशी चढले आणि गजांतून आलेलं काकूंचं बोट त्यांनी चिमटीत धरलं. ओढलं नाही. नुसतं धरून राहिले.

"सुपर," ते म्हणाले.

मी घरी आलो. बायको मागोमाग मिरच्यांचं सूप घेऊन आली आणि डोळे पुसत म्हणाली, "मिरच्या झोंबल्या." मी म्हणालो, "झोंबू दे. चहा टाक. आणि आज दूध जरा चांगलं घाल, शेजारून ग्रेडर येतील."