आंब्याच्या वासाचा पुरावा

आधीच सांगतो, मी शांत स्वभावाचा माणूस नाही. अमेरिकेतल्या आमच्या न्यू हॅम्पशर राज्यात माझ्यासारख्या आमदाराला वर्षाला शंभर डॉलर मानधन मिळतं, तेवढ्यात शांतपणा परवडत नाही. तर एका शनिवारी टॉवेलांच्या घडीत मला ई-सिगारेट सापडली. गुलाबी, वर तिला आंब्याचा वास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“टेसा! खाली ये आधी!” माझी लेक सोळा वर्षांची. (म्हणजे गुन्हेगार कोण, हे शोधायची गरजच नव्हती.)

“माझी नाहीये, बाबा.” तिने एकदा आईकडे पाहिलं.

“मग काय तुझ्या आईची आहे?”

“जाऊ दे ना, एव्हरेट,” माझी बायको लॉरेन म्हणाली. “दे इकडे, टाकून देते.”

“टाकून देते? पुरावा आहे हा!”

टेसाच्या गाडीच्या किल्ल्या मी जप्त केल्या. दुसरा बाप इथेच थांबला असता. मी विधेयक लिहिलं: ई-सिगारेटवर जबर कर, गोड वासांवर बंदी! गावात बोंबाबोंब झाली. आमच्याकडे विक्रीकर नाही आणि त्याच तोऱ्यात आम्ही जगतो. बर्फ काढणारा रोलंड पेट्रोल पंपावर सगळ्यांदेखत माझ्या अंगावर आला. “कर लावायची एवढी हौस असेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन राहा!” शेजारच्या त्या करखाऊ राज्याचं नाव, याहून घाण शिवी आमच्याकडे नाही.

सुनावणीच्या दिवशी मी समितीपुढे ती गुलाबी वस्तू नाचवत ओरडलो, “हे विष माझ्या घरात सापडलं! माझ्या टॉवेलात!”

आमच्याकडे सुनावणीत कुणीही नागरिक उठून बोलू शकतो. रांगेतून चर्चला जायचा ठेवणीतला कोट घातलेली एक बाई पुढे आली.

“लॉरेन पेल्की. विधेयकाला विरोध. आणि यांच्या हातात आहे ती वस्तू माझी आहे. मला ती परत हवी.”

मी नाचवणारा हात खाली घेतला.

“वीस वर्षं मी रोज पाकीटभर सिगारेट ओढत होते,” ती समितीपुढे कडाडली. “नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून एकही ओढलेली नाही, ती या यंत्राच्या जिवावर. आणि हा माणूस चर्चच्या जेवणात मिरवतो, म्हणे माझ्या भाषणाने बायकोची सिगारेट सुटली! हे महाग करा, मी परत पाकिटावर जाते. खोकेन ती याच्याच उशाशी!”

“मग मला सांगितलं का नाहीस?” मी ओरडलो.

“तुला? तुला सांगितलं की कायदा होतो! पोरगी खरं बोलली, तर तिच्या किल्ल्या काढून घेतल्यास!”

अध्यक्षा थिबो बाईंनी हातोडा आपटला. “सदस्यांनी साक्षीदाराशी भांडू नये.”

“साक्षीदार कसली? बायको आहे माझी!”

“मग तर मुळीच नको.”

समितीपुढे मांडलेली वस्तू सरकारजमा होते, असं निघालं. कारकुनाने ती पाकिटात घालून वर लाख लावली. परतताना लॉरेन एकच वाक्य बोलली, “पंपावर थांब आणि नवीन आणून दे.” मी आंब्याची मागितली. मागे रोलंड उभा होता. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं, हे जास्त झोंबलं.

विधेयक समितीतच मेलं. टेसाला किल्ल्या दिल्या, तर तिने आधी माफी मागायला लावली. मी मागितली. मग लॉरेनची मागायला गेलो, तर ती म्हणाली, “मला माफी नको, तुझी जागा हवी.” आणि खरंच आमदारकीच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभी राहिली!

नोव्हेंबरात मी मतदानाला गेलो. पडद्याआड माझं नाव वाचलं आणि बायकोची खाजगी वस्तू चारचौघांत नाचवणारा तो मूर्ख डोळ्यांपुढे आला. असा संताप झाला म्हणून सांगू! आमच्या घरात मतं दोनच, टेसा अजून लहान. दोन्ही लॉरेनला पडली.