कांतिशेठ बाईसाठी लॅपटॉप घेतात

कांतिशेठ दुसऱ्यासाठी वस्तू घ्यायला निघाले, की आधी स्वतःच तो दुसरा माणूस होत. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. नव्या घाटाची कळशी आली, की ती पाण्याने भरून कमरेवर घेत आणि दुकानासमोर येरझाऱ्या घालत. साठीला आलेला, लेंगा-शर्टातला माणूस कळशी घेऊन मुरडत चाललेला पाहून बायका पदराआड हसत. शेठ मात्र गंभीर. "काठ रुततोय, राव. माझ्या कमरंला लागला तर ताईंच्या नाय लागणार?" असं म्हणून सगळा माल परत पाठवत. पुतण्याच्या बाळाला पाळणा घेताना त्यांनी दुकानातल्या पाळण्यात डोकं घातलं आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. "अंगाला लावून बघू" हे त्यांचं पालुपद.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. नोकरी अवसरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. खाली शेठ आणि त्यांची आई, दोघंच. आईला ते 'बाई' म्हणत. शेठांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. बाई ऐंशीच्या पुढच्या, पार बहिऱ्या. कानातलं मशीन लावलं की डोक्यात गिरण चालू होते, म्हणून ते त्यांनी डब्यात घालून ठेवलं होतं. पण समोर बसून बोललं, की ओठांवरून सगळं ओळखत. माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारत. शेठांशी मात्र कामापुरतं. जेवताना शेठ ओरडून काहीतरी सांगत, बाई मान हलवत आणि पुन्हा ताटात बघत.

"तुमच्याशी बोलती. मला कटाळलीय," शेठ एकदा म्हणाले आणि लगेच दुसरा विषय काढला.

विषय होता शोभाचा. ही त्यांची धाकटी बहीण, कॅनडात. तिचा फोन आला की बाई रिसीव्हर कानाला लावून नुसत्या बसत. मी म्हणाले, "शेठ, आता लॅपटॉपवर समोरासमोर बोलता येतं."

"तोंड दिसतं? मग बाईला समजंल की! स्वस्तातला बघू. पन बाईच्या अंगानं."

रविवारी आम्ही नारायणगावला एका दुकानात गेलो. शेठांनी खिशातून बाईंचा जाड भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि खुर्चीवर पाय वर घेऊन, बाईंसारखी मांडी घालून बसले.

दुकानदार तरुण आणि उत्साही. "काका, रॅम किती हवी?"

"चहा नको, आताच घेतला. साखरंचा व्हता."

दुकानदाराने मला हळूच विचारलं, "काकांना ऐकू येत नाही का?"

"येतं की," मी म्हणाले. तो आणखीच गोंधळला.

त्याने एक झगझगीत, महागडा लॅपटॉप पुढे सरकवला. शेठांनी त्यात डोकावून पाहिलं. "आरशावानी चमकतोय. याच्यात मीच दिसतोय. मी कशाला पायजे? शोभी पायजे!"

मग परीक्षा सुरू झाली. प्रत्येक लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर मी बसायचं, एक वाक्य रेकॉर्ड करायचं, आणि शेठांनी ते नुसत्या ओठांवरून ओळखायचं. मी म्हणाले, "शेठ, भूक लागली."

"पूर आला?" शेठ म्हणाले. तो लॅपटॉप बाद. पुढच्यावर त्यांना माझी म्हैस व्यायली असं दिसलं. शेवटी कोपऱ्यातलं एक मागच्या वर्षीचं, जाडजूड, करड्या रंगाचं, सगळ्यांत स्वस्त मॉडेल निघालं. पडदा मोठा आणि चमक अजिबात नाही. शेठांनी चष्मा सावरला, श्वास रोखला.

"भूक लागली! हाच द्या. चला, जेवू."

संध्याकाळी घरी मी सगळं जोडलं. पडद्यावर शोभा आली. थोडी अडखळली, मग नीट दिसू लागली. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं, तिच्या ओठांवरून फिरवलं, आणि जे बोलायला लागल्या, ते थांबेनात. शोभा रडत होती, बाई तिला तू वाळलीस म्हणून रागावत होत्या. शेठ खुर्चीमागे भिंतीला टेकून उभे होते.

"दादा कुठंय?" शोभाने विचारलं. शेठ पुढे वाकले आणि बाईंच्या तोंडाशी येऊन ओरडले, "दिसती ना नीट?"

बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "शोभीचं समजलं. तुजं समजतंय. ह्याचं तेवढं नाय समजत." आणि त्यांनी शेठांच्या मिशीवर बोट ठेवलं. "ह्या झुडपात ओठ कुठं दिसत्यात?"

शेठांची मिशी दाट, खाली झुकलेली. वरचा ओठ मी स्वतः कधी पाहिला नव्हता.

शेठ माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आलेला. "इचारा तिला. इतकी वर्सं बोलली का नाय?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "बापासारखी राखलीय त्यानं. कसं म्हणू, काढ म्हणून?"

शेठ आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. मी कॉलेजला जायला निघाले होते. दुकानासमोर डिंगोरे गावचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. शेठांचा सफाचट चेहरा पाहून त्याने घाईघाईने टोपी काढली.

"शेठ, घरात कोन गेलं?"

"कोनी नाय," शेठ म्हणाले. "बाईशी बोलायचं व्हतं."