बुद्धाच्या भुवया

"हा बुद्ध आहे की फौजदार?" हरिभाऊ हेडमास्तरांनी ओल्या मूर्तीकडे बोट दाखवलं आणि महादेवराव कुंभाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

गिरडच्या वाटेवरच्या त्या गावात, सन छप्पन्नच्या वैशाखी पौर्णिमेला, शाळेत पंचवीसशेवी बुद्धजयंती व्हायची होती. मूर्ती महादेवरावकडे सांगितली होती. तीन पिढ्या गणपती आणि पोळ्याचे बैल घडवणारं घर. गणपतीचे डोळे टपोरे करायचे हे हाताला इतकं मुरलेलं, की बुद्धही टक लावून बघत होता. वर दोन्ही भुवया आवळलेल्या.

"डोळे अर्धे मिटलेले हवेत. बाहेरचं दिसतंय, पण मन आत स्थिर आहे, असा त्याचा अर्थ," मास्तर म्हणाले. "जमिनीला टेकलेला उजवा हात झकास साधलाय. भूमीला साक्षीला बोलावतायत ते. पण असल्या चेहऱ्यानं बोलावलं तर भूमी पळून जाईल!"

महादेवरावनं एका थापेत चेहऱ्याची माती सपाट केली. दुसऱ्या चेहऱ्याचे डोळे मिटले, पण भुवया तशाच. तोही सपाट झाला.

"तुमचा रागच मातीत उतरून राह्यला," बायको धुरपता म्हणाली. "जरा शांत राहा ना."

"मी शांतच हाय!" महादेवराव असा ओरडला की शेजारची बकरी दावं तोडून पळाली.

मग मास्तरांनी साऱ्या गल्लीला बजावलं, महादेवरावला राग येईल असं कुणी बोलू नका. शहाणपणाची हद्द झाली! लोक त्याच्या अंगणावरून चवड्यांवर चालू लागले, कुजबुजू लागले.

"काऊन बे, माह्या घरी कोनी मेलं काय?" तो गरजला. तिसरा चेहरा सगळ्यांत भयंकर निघाला.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "उद्या पौर्णिमा. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर नागपूरहून तयार मूर्ती आणवतो."

हे मात्र वर्मी लागलं. त्या घराला डावलून गावात बाहेरची मूर्ती कधी आली नव्हती. महादेवरावनं मास्तरांना, मातीला आणि मेलेल्या बापाला शिव्या दिल्या, तणतणत भाकर खाल्ली आणि निंबाखाली आडवा झाला. रोजच्यासारखे अर्धेच डोळे मिटून तो घोरू लागला.

खरं तर चिडायचा हक्क धुरपताचा; त्याचा राग रोज तिनंच झेलायचा. ती चिडलीही. दातओठ खाऊन तिनं तिसरा चेहरा पुसला, ओला गोळा उचलला आणि निंबाकडे तोंड करून बसली. तो उठला तेव्हा मूर्ती शाळेत पोचली होती.

सकाळी शाळेतल्या सभेत मास्तर भरल्या आवाजात म्हणाले, "बघा हा चेहरा! माणसानं राग जिंकला की तो असा दिसतो."

गावानं हात जोडले. मग एकेक मान महादेवरावकडे वळू लागली. तेच नाक. तेच अर्धे मिटलेले डोळे.

"माह्या तोंडाची मूर्ती कोनी केली?" महादेवराव दबक्या आवाजात गुरगुरला.

"मी केली," धुरपता उठून उभी राहिली. "दुपारी झोपले म्हंजे तुमी असेच दिसता. बत्तीस वर्सं मी या दुपारच्या मानसासंगं संसार केला. बाकीच्या वेळचा कोन हाय, मले नाई मालूम!"

महादेवरावनं तोंड उघडलं. पण पुजलेल्या मूर्तीपुढे आवाज चढवायची त्या घराण्यात रीत नव्हती.

त्यानं मुकाट हात जोडले. भुवया मात्र आवळलेल्याच होत्या.