टाकीचं विरजण

"टँकर? आपल्या दारात? मी जिवंत असताना?" धनराव अहिऱ्यांनी छातीवर हात मारला. "अगं आशा, रविवारच्या आत संडास असा वाहायला लावतो, की गोदावरीसुद्धा..."

"गोदामाईचं नाव कुठे घेताय! जीभ आवरा!" आशाताई करवादल्या.

त्र्याण्णव साली इंदिरानगरात बंगला बांधला, तेव्हापासून सेप्टिक टँकचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. आणि ती टाकी तुंबावी केव्हा? तर मोहिनीला बघायला वणीहून पाहुणे येणार, नेमक्या त्याच आठवड्यात! एवढ्या लांबून आलेली माणसं, चहापाणी घेणार, आणि मग? आशाताईंची झोपच उडाली. मैला उपसायचा टँकर बोलवावा, तर अख्खी कॉलनी नाकाला पदर लावून गॅलरीत. इकडे मोहिनीला मुलाचा फोटो मनापासून आवडलेला. "पप्पा, एवढं चांगलं स्थळ संडासापायी घालवू नका हं," ती रडवेली होऊन म्हणाली.

धनरावांचं निदान तयार होतं. "पाहुणे येणार म्हणून तू ॲसिड ओत ओत ओतलंस. टाकीतले जिवाणू मेले बिचारे! आता नवे सोडायचे. दुधाला विरजण लावतो ना, तस्सं!"

मग मागच्या अंगणात ड्रम आला. त्यात शेण पडलं, ताक पडलं, गुळाची अख्खी ढेप पडली. पिंपळगावच्या चुलतभावाने तडकलेल्या द्राक्षांचे दोन क्रेट दिले होते, तेही गेले. "जिवाणूंनाही गोडधोड लागतंच की!" बुधवारपासून ड्रम उन्हात फसफसत बसला. शनिवारी धनरावांनी तो टाकीत रिकामा केला आणि वास नको म्हणून झाकण सिमेंटने गच्च लिंपून टाकलं.

रविवारी सकाळी टाकी जमिनीखालून डरकाळ्या फोडू लागली. संडासातलं पाणी तसूभरही हललं नव्हतं. पण गच्चीवरच्या अर्धवट तुंबलेल्या पाइपातून वास मात्र सुटला, गोडसर, आंबूस आणि थेट डोक्यात जाणारा.

"बघ! घाण वास गेला की नाही?" धनराव खूश!

पाहुणे आले. मुलगा किशोर, त्याची आई तानुबाई आणि वडील मोतीरामअण्णा. अण्णांनी सारी नोकरी दारूबंदी खात्यात काढलेली. जीपमधून उतरताक्षणी त्यांचं नाक वर झालं, ते काही खाली येईना. पोह्यांची बशी हातात तशीच.

"अहिरे, मागच्या अंगणात काय चाललंय?"

पोह्यांवर संडासाचा विषय कसा काढायचा? धनराव चाचरले. "ते होय? ते... घरगुती आहे. मीच केलंय."

"काय काय घातलं?"

"गूळ, द्राक्षं, थोडं ताक..."

"आंबवलं?"

"म्हणजे काय! बुधवारपासून! फेस बघायला हवा होतात!"

"अन् माल कुठं ठेवला?"

"जमिनीखाली," धनराव हळूच म्हणाले.

अण्णांनी बशी आपटली. "तानुबाई, उठा! हातभट्टीवाल्याची पोर नको आपल्या घरात!"

दारात चहाचा ट्रे घेऊन आलेली मोहिनी तिथेच थिजली. तिचे डोळे भरले आणि ते बघून धनरावांची लाजलज्जा पार सुटली.

"संडास आहे हो तो! संडासाची टाकी आहे!" ते एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या दोन गॅलऱ्या भरल्या.

"समदे असंच म्हणत्यात! एकानं तर पिंपावर देव बसवले होते! फोडा झाकण!"

इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत सारून धनरावांनी पहार घातली. एक घाव, दोन घाव, आणि भुस्स! कोंडलेला वारा असा उसळला, की सगळे कुंपणाला जाऊन चिकटले. अण्णा मात्र कर्तव्याला जागले. ते वाकले, त्यांनी एक खोल श्वास घेतला आणि पांढरेफटक होऊन उठले.

"संडासच हाय!"

"नक्की ना, अण्णा?"

"शंभर टक्के संडास हाय!"

"देवा, पावलास रे!" आशाताईंनी हात जोडले. तेवढ्यात घरातून गडगडगड आवाज आला. विरजणाने गाळ सुटला होताच, आता वारा मोकळा झाला तसं आठवडाभर अडलेलं पाणी एका दमात खाली गेलं! धनरावांना वाटलं, आपण आता रडणार. किशोर नाकाला रुमाल लावून हसत होता, मोहिनी ओढणी लावून हसत होती, आणि दोघांची नजर काही एकमेकांवरून हटत नव्हती.

सगळ्यांनी साबणाने हात धुतले. नवा चहा झाला. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "आमाला पसंत हाय."

धनरावांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. "अण्णा, मोहिनी आजपासून तुमचीच..."

"पोरांचं मघाशीच ठरलं, दिसत नाय का? मी इरजणाचं म्हणतोय! आमची टाकी दिवाळीपासून तुंबलीय. पुढच्या रविवारी घर बघायला याल, तवा एक ड्रम घेऊन या."

"घेऊन येतो की!" धनरावांची छाती पुन्हा फुगली.

तानुबाईंनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "अन् व्याहीबुवा, येताना तेवढं घरूनच जाऊन या!"